टोपड्याचा शेवटचा टाका

१९८३ च्या नवरात्रात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अंबाजोगाईला आले. सातवा सरत आला होता. ट्रंकेत दोन साड्या कमी घेतल्या, कारण त्या जागेत ‘मृत्युंजय’ बसवायचं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि गप्प राहिल्या. माहेरची माणसं काय ते बघून घेतील, असा त्यांचा हिशेब असावा.

माहेरच्या माणसांनी, म्हणजे आजीनं, बघून घेतलंच. आजी जन्मभर गावाला मोमिनाबाद म्हणत आली. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, पण तिची जीभ काही वळली नाही. सकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, दुपारी सुपारी कातरणं आणि दिवसभर माझ्यावर नजर, असा तिचा क्रम. पोटुशीनं उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, इथवर मी ऐकून घेत होते. पण एका दुपारी तिनं विचारलं, “काय वाचायलीस एवढं?” मी म्हटलं, कर्णाची कादंबरी. तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे कुंती पोर पाण्यात सोडती ते? आन् ह्या दिवसांत? अभिमन्यूनं पोटातच ऐकलं होतं, ठाऊक आहे ना?”

तिच्या मते हरिविजय वाचावा, फार तर भक्तिविजय. मी ‘स्वामी’ पुढं केली, तर माधवराव तरणाताठा जातो म्हणून तीही बाद. ‘ययाति’ तिनं नावावरूनच नाकारली, आणि खरं सांगायचं तर मलाही ती तेव्हा लांबलेलीच वाटली होती. ज्ञानपीठ मिळालेल्या पुस्तकाबद्दल असं बोलायची माहेरी सोय होती, सासरी नव्हती. अखेर गोनीदांची ‘पडघवली’ तिच्या परीक्षेत उतरली, कारण त्यात घर होतं, सारवण होतं, माणसं होती. पण ती चार दिवसांत संपली. मग पुन्हा ‘मृत्युंजय’.

विणकामाचं आजीला वावडं नव्हतं. अडचण वेगळीच होती. लेकरू यायच्या आधी त्याचं अंगडं-टोपडं तयार करू नये, ही आमच्याकडची रीत. बाळाला पहिल्यांदा घालायचं ते जुनंच. आजोबांच्या मऊ पडलेल्या धोतराची लंगोटं, आईच्या नऊवारीचं दुपटं. नवं सगळं बारशाला. आणि मी तर पिवळ्या लोकरीच्या चार लडी घेऊन आलेले. लोकर म्हणायची एवढंच, होतं ते ॲक्रिलिक. धाकटा भाऊ दोन्ही हात पुढं धरून लड ताणून बसायचा आणि मी गुंडा करायचे. त्याचे हात भरून आले की तो म्हणायचा, “ताई, ह्याचा मामा झालो म्हणून हे पण?”

आजीनं दोन दिवस विचार केला आणि निवाडा दिला. विणावं, पण पुरं करू नये. शेवटचा टाका सुईवर ठेवावा, धागा तोडू नये, गुंडा टोपड्याला जोडलेलाच असू द्यावा. तोवर ते टोपडं नव्हेच, नुसती लोकर. अशी पळवाट काढणारी बाई न्यायालयात शोभली असती.

बारा नंबरच्या सुया, ऐंशी टाके. कडेला बोटभर एक सुलट-एक उलट, मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशी साधी वीण. नक्षीची वीण असली की वाचता येत नाही, टाके मोजावे लागतात. साध्या विणीला नजर लागत नाही, बोटांना कळतं. मी भिंतीपाशी लोडाला टेकायचे, समोर पाटावर ‘मृत्युंजय’ उघडं, आणि सातशेवर पानांचं ते पुस्तक मिटू नये म्हणून डाव्या पानावर आजीचा पितळी अडकित्ता. पान उलटायला तेवढा हात सुटायचा. पुस्तकात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण आपापल्या तोंडानं बोलतात. कुणाचं बोलणं ऐन रंगात आलं की माझा हात आवळायचा. ते टोपडं अजून माझ्याकडे आहे. कडेपासून चार बोटांवर वीण एकाएकी गच्च होते आणि मग पुन्हा सैल पडते. तिथं मी काय वाचत होते ते मला आजही सांगता येईल.

वडिलांना हे दृश्य फार आवडायचं. याच गावात दासोपंतांनी कापडावर ग्रंथ लिहिला. ‘पंचीकरणा’ची ती पासोडी, सुमारे चाळीस फूट लांब, दासोपंतांच्या देवघरात जपलेली. कागद मिळेना म्हणून कापड घेतलं असं सांगतात. वडील कुणी पाहुणा आला की ही गोष्ट सांगायचे. एकदा आजी मध्येच म्हणाली, “त्यांनी कापडावर पोथी लिहिली. ही बया पोथीवर कापड विणायली.”

आमच्या मागच्या पडवीत एक जोडपं भाड्यानं राहायचं. तो मोंढ्यात हमाली करायचा, ती आमच्याकडं धुणंभांडी. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, तिलाही दिवस गेलेले, माझ्यामागून महिनाभरानं. भांडी घासून झाली की ती दाराशी टेकायची आणि मी विणताना ओठ हलवते ते बघायची. “मनात काय वाचता ताई, मोठ्यानं वाचा की.” मग मी मोठ्यानं वाचू लागले. योगायोग असा की तेव्हा कुंतीच बोलत होती. आजी देवघरातून ओरडली, “एकीला सांगून भागंना, आता दोघी!” पण थोड्या वेळानं सुपारीचा डबा घेऊन तीही येऊन बसली. कुंतीचं तिलाही ऐकायचं होतं, कुणी म्हणेपर्यंत थांबली होती एवढंच.

कर्ण दानशूर, हे त्या मुलीला कीर्तनातून ठाऊक होतं. तिचे प्रश्न निराळे होते. पेटी नदीत सोडली तेव्हा आत काय अंथरलं होतं? पांघरूण होतं का? मी पुस्तकात बघू लागले तोवर आजीनं उत्तर देऊन टाकलं, “रेशमी असल. राजाची लेक ती.” त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “रेशमानं थंडी जाती व्हय?”

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन झाली होती. कोयता म्हणजे आमच्या बीडकडं नवरा-बायकोची जोडी. एकट्यानं गेलं तर अर्धा कोयता, पैसा निम्मा. तेव्हा आठवा लागलेला असो की नववा, जोडी पुरी पाहिजे. जायचं होतं सांगलीकडं. पहाटे चौकात ट्रक लागला. बालाघाटावरचं आमचं गाव, दिवाळी झाली की पहाटे हाडं वाजतात. ती आजीच्या पाया पडायला आत आली, डोक्यावर पदर, काखेत गोधडीचं बोचकं.

आजी उठली. माझ्या टोपलीतलं टोपडं उचललं, सुई ओढून काढली. शेवटचा टाका उसवायच्या आत मी तो बोटात धरला. कात्री शोधायला वेळ नव्हता. तिनं पुस्तकावरचा अडकित्ता घेतला आणि त्यानंच लोकर चावल्यासारखी तोडली. मी धागा टाक्यातून ओवून घेतला, गाठ मारली. “हे घे. रेशमी न्हाई, पण डोक्याला बसल.” ‘मृत्युंजय’ फडफड करत मिटलं. कुठं होतो ते पान गेलं.

मी आजीकडं बघत राहिले. ती म्हणाली, “तुझं अजून विणायचंय. लोकर हाय ना?”

लोकर होती. दुसरं टोपडं मी मार्गशीर्षापर्यंत विणलं, गच्च-सैल विणीचं ते हेच. देवीचा उत्सव चालू असताना मेडिकलला मला मुलगा झाला. १९७४ साली निघालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला गावात अजून कुणी पुरतं नाव घेऊन हाक मारत नाही, मेडिकलच म्हणतात. आजी योगेश्वरीला खणा-नारळाची ओटी भरून आली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि देवी इथंच कुमारी राहिली, अशी तिची कथा. जिचं लग्नच लागलं नाही तिला सगळा गाव बाळंतिणीसाठी साकडं घालतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. आजीला म्हणाले नाही. तिनं आल्या-आल्या टोपड्याचा दुसरा धागाही अडकित्त्यानंच तोडला, जणू तीच रीत होती.

बाळ झाल्यावर वाचन कसलं. पुस्तक फडताळात गेलं.

पाडव्याला चार दिवस राहिले असतील, ट्रक परतू लागले. मी सासरी जायची तयारी करत होते. ती दुपारी आली, काळवंडलेली, पाचटानं हातभर ओरखडे. कडेवर मुलगी. माघात झाली, फडाजवळच्या कोपीत, शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं सुटका केली. तिनं हे बाजारचा भाव सांगावा तसं सांगितलं. मुलीच्या डोक्यावर ते पिवळं टोपडं. पिवळं कुठलं, धुरानं मातकट झालेलं. वास जळक्या पाचटाचा आणि गुळाचा.

आजीनं दोन्ही पोरं एका गोधडीवर घातली. माझा अंगानं भरलेला, तिची काडीसारखी, पण मूठ तिचीच घट्ट होती. त्यानं टोपडं ओढलं, तिनं त्याचं बोट धरलं.

ती दाराशी तिच्या नेहमीच्या जागी टेकली. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, “ताई, ती पेटी लागली का हो काठाला?”

मी फडताळातून ‘मृत्युंजय’ काढलं. पान सापडेना. दोनदा पुढं-मागं केलं, सुपारीचा एक तुकडा तेवढा पानांतून गळाला. आजी म्हणाली, “शोधू नको. कुंतीपासनं धर, मलाबी आठवंना.” तिनं अडकित्ता कमरेच्या बटव्यातून काढला, डाव्या पानावर ठेवला आणि मी पहिल्यापासून वाचायला लागले.