हंडा नव्हे, खिळा

नातू पुण्याला असतो. वय वर्षं सात. दिवाळीला गावी आला तो एकच धोशा घेऊन, "आबा, मला जमिनीतलं सोनं शोधायचं मशीन पाहिजे." मोबाइलवर कुठलीशी गोरी माणसं हातात दांडी धरून, कानाला हेडफोन लावून शेतातून नाणी काढताना त्यानं पाहिलेली. सूनबाई म्हणाली, "मामा, आता तुम्हीच काय ते समजवा याला."

मी समजावलं नाही. त्याला घेऊन तालुक्याला गेलो. जाताना खिशात एक खिळा टाकला.

दुकानात मोठ्या माणसाचं यंत्र पोरानं उचललं, दोन मिनिटांत हात खाली आला. दुसऱ्याला एवढी बटणं की मलाच कळेनात. तिसऱ्याची दुकानदारानं लई तारीफ केली, "हे लोखंड वगळतं बघा. सोनं, चांदी, तांबं असलं तरच वाजतं." मी खिळा काढून खाली धरला. यंत्र मुकं.

"हे नको," मी म्हणालो. शेवटी एक हलकं घेतलं. दांडी पोराच्या उंचीप्रमाणं लांब-आखूड होणारी, खालची तबकडी लहान, फिरवायचं बटण एकच. खिळा दिसला की पीं करायचं. दुकानदार हसला. "आबा, हे खेळण्यातलं. चार बोटांच्या खाली याला काही कळत नाही."

"मला तेवढंच पाहिजे."

त्याला मी कारण सांगितलं नाही. घरी कुणालाही आजवर नीट सांगितलेलं नाही.

१९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना जमिनीत धातूच्या चार जुन्या मूर्ती सापडल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं मिळून ६० किलोच्या वर वजन. हजारो वर्षांपूर्वीचं काम. आमच्या भागात ही बातमी पसरली आणि आम्हा पोरांना खुळच लागलं. शाळा सुटली की गावाच्या पांढरीवर जाऊन काठीनं उकरायचं. खापरं निघायची. आम्हाला हंडा पाहिजे होता.

त्याच दिवसांत वडिलांनी गोठ्यावर नवे पत्रे घातले. तारेचे तुकडे, चुका, खिळे सगळीकडं पडलेले. वडील म्हणाले, "सगळं वेचून डब्यात टाक, मगच बाहेर जा." मी चार तुकडे वेचले आणि पांढरीवर पळालो.

पुढं काही दिवसांनी आमच्या कपिलीनं वैरण सोडली. कोपरं बाहेर काढून उभी राहायची, उतारावर चालताना कण्हायची. मग गळ्याच्या पोळीला सूज आली. ती गेली तेव्हा तिचं वासरू अजून पीत होतं. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. बोटाएवढी तार. गाय वैरण चावून बघत नाही, तशीच गिळते. जड वस्तू पुढच्या जाळीदार पोटात अडकते, आणि त्याच्या पुढंच पडद्यापलीकडं काळीज असतं. तार तिथवर गेली होती.

वडिलांनी ती तार हातात घेऊन पाहिली. माझ्याकडं पाहिलं. बोलले काही नाहीत, शेवटपर्यंत बोलले नाहीत.

नातवाला मी दोन नियम घातले. पांढरीवर यंत्र न्यायचं नाही, तिथलं उकरायचं नाही. जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं जुनं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असा १८७८ सालापासूनचा कायदा आहे, हेही सांगितलं. तो हसला. दहा रुपयांत आता चॉकलेटसुद्धा धड येत नाही. दुसरा नियम, यंत्र वाजलं की आधी मला हाक मारायची, हात घालायचा नाही.

मग गोठा, अंगण, वैरणीची जागा. चार दिवस पीं पीं चालू होतं. तेवीस खिळे, अकरा तारेचे तुकडे, एक घोड्याच्या नालेचा तुकडा, आणि एक जुनं पाच पैशांचं नाणं. नाणं त्यानं पुण्याला नेलं. यंत्र इथंच ठेवून गेला. "आबा, गाईंसाठी राहू द्या," म्हणाला. कपिलीची गोष्ट मी त्याला तेवढीच सांगितली होती. वेचायचं काम कुणाचं होतं, ते नाही.

आता वैरण टाकायच्या आधी मीच ते फिरवतो. रस्त्यानं जाणारा एखादा ओरडतो, "काय आबा, हंडा गावला का?"

मी खिळ्यांचा डबा वाजवून दाखवतो.