हिमावरील पदचिन्हें

आपल्या सह्याद्रींतील मुरमाड वाटांवर जनावराचें पाऊल उमटतें थोडें, आणि टिकतें त्याहूनही थोडें. हिमाची गोष्ट वेगळी. लडाखांत सन १९८१ मध्यें स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानांत रुंबक नांवाचें लहानसें खेडें आहे. त्याच्या वरील दरींत गेल्या फाल्गुनांत मी तीन दिवस पायीं हिंडलों. रात्रीं बर्फ पडून गेलें कीं दरी कोऱ्या पाटीसारखी होते, व उजाडेपर्यंत तिच्यावर श्वापदांचा वृत्तांत लिहिला जातो.

हीं अक्षरें लावण्याचे कांहीं नियम आहेत. ससा उडी घेतो तेव्हां त्याचीं मागचीं लांब पावलें पुढच्यांच्याही पुढें पडतात. त्यामुळें नवखा मनुष्य त्याची दिशा उलटी समजतो. भरल नांवाच्या रानमेंढीचा खूर दुभंगलेला. खोकडाचा माग दोरी धरल्याप्रमाणें सरळ. लांडग्याचें पाऊल लांबट व नखें उमटलेलीं. हिमबिबट्याचें मात्र रुंद, वाटोळें आणि बहुधा नखांवांचून, कारण चालतांना तो नखें आंत ओढून घेतो. शिवाय माग सूर्योदयापूर्वींच पाहावा. उन्हानें बर्फ वितळलें कीं पाऊल पसरतें व लहान प्राणी राक्षस भासूं लागतो.

दुसऱ्या दिवशीं एका गोठ्यापाशीं मेंढी मरून पडलेली आढळली. तिच्यावर घरचें वर्षाचें गणित अवलंबून होतें. घरधनी हिमबिबट्यास शिव्याशाप देऊं लागला. आमचा वाटाड्या कांहीं न बोलतां खालीं बसला. पावलांत नखें स्पष्ट होतीं, म्हणजे बिबट्या नव्हे. माग वेडावांकडा भरकटत सडकेकडे उतरला होता. लांडगा असा उगाच भटकत नाहीं. तो अपराध मोकाट कुत्र्यांचा होता!

वाचकहो, हा निवाडा क्षुल्लक समजूं नये. पूर्वीं या प्रदेशांत लांडगे धरण्यासाठीं शांगदोंग नांवाचे दगडी खळगे बांधीत, आणि आंत पडलेल्याचा अंत दगडांनीं होई. सन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें भारतांत हिमबिबटे अवघे ७१८, त्यांपैकीं ४७७ लडाखांत. इतक्या थोड्यांवर खोटा आळ परवडणारा नाहीं.

धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, असें नैयायिक सांगतात. परंतु धूर कोणता व वाफ कोणती, हें आधीं ओळखावें लागतें. पाठशाळेंत हा भेद आम्हीं घोकून पाठ केला; तो वाटाड्या मात्र बर्फावर गुडघे टेकून त्याचा निर्णय करीत होता, आणि त्याच्या निर्णयावर एका मुक्या जनावराचा प्राण अवलंबून होता.