मुंगळ्यांची शिडी

अंबिया बहाराचा ताण तोडून पाणी दिलं की काटोलकडच्या संत्र्याच्या घरात महिनाभर एकच विषय असतो : नवती, म्हणजे नवी पालवी. कशी फुटली, किती फुटली, तिच्यासोबत फूल किती आलं. त्या फेब्रुवारीत बांधालगतच्या ओळीत गेलो, तर कोवळी पानं कडेनं आत वळलेली. एक पान उलटं केलं. मागे मोहरीपेक्षा लहान, काळपट किड्यांची दाटी. मावा. खालच्या जून पानांवर चिकटा सांडला होता, उन्हात तेल लावल्यागत चमकत होता, आणि त्यावर काळी बुरशी धरायला लागली होती. आमच्याकडे कोळशी म्हटलं की काळ्या माशीचंच नाव निघतं. पण ती बुरशी साखरेवर वाढते. साखर माशीनं सांडली की माव्यानं, तिला काय करायचं?

आदल्या वर्षीही असंच झालं होतं. दुकानातून मिळालं ते औषध मारलं. आठवडाभरात शेंडे स्वच्छ झाले आणि तिसऱ्या आठवड्यात मावा परत आला, आधीपेक्षा जास्त. याचं गणित मला नंतर कळलं. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच वाढत असतात. त्याला खाणारे ढालकिडे मात्र अंडी, अळी, कोष असे सावकाश वाढतात. फवाऱ्यानं दोघंही मेले. घर पुन्हा भरलं ते आधी माव्याचं.

या वेळीही मी पंप काढायलाच निघालो होतो. बाबा बुंध्याशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "थांब न. आंधी हे मुंगळे पाय. कायले चढून राह्यले एवढे?"

पाहिलं. काळ्या मुंगळ्यांची रांग, एक जाणारी, एक येणारी. चढणाऱ्यांची पोटं बारीक, उतरणाऱ्यांची टरटरून फुगलेली. घरातलं जुनं भिंग आणून शेंड्याशी धरलं. एक मुंगळा माव्याच्या घोळक्यात शिरला आणि एकाच्या पाठीवर मिशांनी हलक्या थापट्या मारू लागला. किड्यानं पोट वर उचललं, टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला. मुंगळ्यानं तो पिऊन टाकला आणि पुढच्याकडे वळला. पहाटे आई गायीखाली बसते, गायीचं वासरू आधी ढुशी देतं, तसंच काहीसं.

झाडाच्या रसात साखर भरपूर, पण अंग वाढवणारा नत्राचा अंश थोडा. तेवढ्यासाठी माव्याला रस ढसाढसा ओढावा लागतो आणि नको असलेली साखर मागून टाकावी लागते. ती मुंगळ्यांची मेजवानी. चार्ल्स डार्विननं १८५९ च्या आपल्या ग्रंथात लिहिलंय, की त्यानं डझनभर माव्यांजवळच्या मुंग्या काही तास दूर ठेवल्या, मग केसानं त्यांना गुदगुल्या केल्या. एकानंही थेंब दिला नाही. मुंगी येताच दिला. मीही शेळीचा केस घेऊन अर्धा तास खपलो. माझ्याही वाट्याला थेंब आला नाही. बाबा म्हणाले, "ओळखीच्या हातालेच गाय पान्हा सोडते."

पण खरी गोष्ट पुढे दिसली. ढालकिड्याची एक अळी, मगरीच्या पिल्लासारखी खरबरीत, फांदीवरून घोळक्याकडे सरकत होती. दोन मुंगळे धावले, एकानं तिचा पाय धरला, दुसऱ्यानं ढकललं, अळी खाली पडली. म्हणजे झाडावर मावा नुसता बसलेला नव्हता, त्याला राखण होती. मागच्या वर्षी मी मावा मारला, त्याला खाणारे मारले, आणि राखणदार मात्र बुंध्याखाली वारुळात सुखरूप राहिले.

आम्ही चार झाडं निवडली, शेजारची चार तशीच सोडली. साल जळू नये म्हणून बुंध्याला आधी प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, वरून ग्रीसचा जाड पट्टा ओढला. रांग पट्ट्याशी येऊन थबकली, मुंगळे खालच्या खाली गोल फिरू लागले. मी खुशीत घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी एका झाडाच्या शेंड्यावर मुंगळे पुन्हा तसेच. पट्टा शाबूत, त्यावर पायाचा ठसाही नाही. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्यावर सापडलं. आदल्या बहाराच्या फळांना दिलेला एक बांबूचा टेकू तोडणीनंतर काढायचा राहून गेला होता. मुंगळे त्याच्यावरून चढत होते. दुसऱ्या झाडाची एक फांदी गवताला टेकली होती, तिथूनही वाट सुरू होती. टेकू उपटला, फांदी छाटली, गवत कापलं.

दहाएक दिवसांत त्या चार झाडांवर ढालकिड्याच्या अळ्या उघड फिरू लागल्या, नागमोडी काळ्या रेघांचे लालसर किडेही आले. पानांमागे माव्याच्या जागी रिकामी पांढरी कात उरली. शेजारच्या चार झाडांवरचाही मावा पुढे कमी झाला, कारण नवती जून झाली की त्याला रस गोड लागत नाही. पण तोवर तिथली पानं काळी पडली होती. फरक एवढाच, पण त्या वर्षी पंप कोपऱ्यातच राहिला. वारुळांना आम्ही हात लावला नाही. खाली माती भुसभुशीत करणारे, मेलेलं उचलून नेणारे तेच आहेत. भांडण त्यांच्याशी नव्हतं, त्यांच्या वाटेशी होतं.

यंदा तोडणीवाले गेले त्याच संध्याकाळी बाबा ओळीओळीतून बांबू गोळा करत फिरत होते. अंधार पडायला आला होता. मी म्हटलं, "उद्या काढू न बाबा, एवढी घाई कायले?"

"मुंगळ्याईची शिडी आहे थे," म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे गेले.