शेवटचा अंतरा

गेल्या १४ एप्रिलला रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत भीमगीतांचा कार्यक्रम होता. पाहुण्यांची भाषणं नेहमीप्रमाणे लांबली. दहा वाजता स्पीकर बंद करायचा, म्हणून आम्हीच गायकाला सांगितलं, मुखडा आणि दोन अंतरे घ्या, शेवटचे सोडा. तेवढ्यात अकरा गाणी बसली. लोक खूश, आम्हीही खूश. सकाळी खुर्च्या आवरताना वाडीतल्या एका आजीने विचारलं, "काय रे, काल वामनदादा एकदाबी आला नाय?"

आम्ही म्हटलं, आजी, त्यातली निम्मी गाणी वामनदादांचीच होती. ती म्हणाली, "मग नाव कुठं आलं?"

भीमगीत लिहिणारा आपलं नाव शेवटच्या अंतऱ्यात गुंफतो. आमच्याकडे जाखडीतही शाहीर गुरूचं नि स्वतःचं नाव गाण्यात घेतो. ही मिरवण्याची हौस नव्हे. ज्याच्याकडे ना छापखाना, ना वकील, त्याने आपला सातबारा गाण्यातच लिहून ठेवला. मुंबईहून चाकरमानी कॅसेटा आणायचे, त्यांच्या वेष्टनावर फोटो गायकाचा, नाव कंपनीचं. पण कॅसेट संपेपर्यंत ऐकली की गीतकार कोण ते कळायचं. आता रील तीस सेकंदांचं, डीजेवर मुखडाच फिरून फिरून वाजतो. म्हणजे सातबारा फाडला तो आपणच, आणि आमच्या वाडीत तर ठरवून फाडला.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. शाळा नाही. मुंबईत शिवडीच्या चाळीत तरुणपणी अक्षरं शिकले आणि १९४३ पासून लिहू लागले. गाणं त्यांचं, पुष्कळदा चालही त्यांची, आवाजही त्यांचा. खेडोपाडी फिरून, मिळेल त्या मानधनावर त्यांनी हजारो गाणी वस्त्यांमध्ये पोचवली. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह आला १९७३ मध्ये, म्हणजे लिहायला लागल्यावर तीस वर्षांनी. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. शिंद्यांचा आवाज आज लहान पोरंही ओळखतात. ते गात होते ते शब्द कोणाचे, हे विचारून पाहा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून. त्यांची हिशेबाची वही मात्र आपण घेतली नाही. शिकागोच्या गरीब वस्तीत वाढलेला कर्टिस मेफील्ड सोल संगीताचा गीतकार. चर्चमधल्या गाण्यातून आलेला, नागरी हक्कांच्या चळवळीत ज्याची गाणी लोकांच्या तोंडी होती असा. त्याने कोवळ्या वयातच आपल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःच्या हाती ठेवायला सुरुवात केली. १९६८ मध्ये त्याने 'कर्टम' ही रेकॉर्ड कंपनी काढली, इतरांच्याही रेकॉर्डी तयार केल्या. त्याच १९७२ साली 'सुपर फ्लाय' चित्रपटाचं त्याचं संगीत निघालं, तेही स्वतःच्या कंपनीतून. गाणं चळवळीचं आणि मालकी गाणाऱ्याची, यात त्याला विसंगती वाटली नाही.

आपल्याकडे मात्र लगेच ऐकू येतं, "चळवळीच्या गाण्याला कसली आलीय मालकी?" गंमत अशी की हे बोलणारा डीजेवाल्याला आगाऊ पैसे मोजून देतो. मंडपवाला, जनरेटरवाला, फ्लेक्सवाला, सगळ्यांची पावती होते. फुकट तो फक्त शब्द. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलं, त्यांच्याच लेकरांनी हे म्हणावं?

कायदा याहून बरा आहे. गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. वामनदादांच्या शब्दांचा तो २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेण्यावरही बंदी आली. पण वाटा मागायला आधी गाणं कोणाचं हे नोंदलेलं हवं. आमच्या गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत अकरा गाण्यांची यादी आहे, प्रत्येकापुढे गायकाचं नाव. गीतकाराचा रकानाच नाही. ती यादी आम्हीच केली होती.

यंदा तो रकाना काढलाय. जुन्या कॅसेटा जमवून, पेनाने फीत गुंडाळून, शेवटपर्यंत ऐकत बसतोय. आजी शेजारी बसते, नाव आलं की हात वर करते. अकरापैकी सात झाली. एका कॅसेटची फीत नेमकी शेवटच्या अंतऱ्यापाशी तुटली आहे. ते गाणं कोणाला पूर्ण पाठ असेल तर कळवा, आम्ही ऐकायला येतो.