ऐकलं नव्हतं, तरी बोलत होते

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या अल्बमबद्दल जवळजवळ चाळीस वर्षं मी जे बोलत आले, ते आज मागे घेते आहे. गेल्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा पुरता ऐकला, आणि तोवर आपण तो ऐकलाच नव्हता हे कळलं.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘येस’ हा लंडनचा बँड, १९६८ सालचा. १९७२च्या ‘क्लोज टू द एज’मध्ये त्यांनी रेकॉर्डची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी तशा चार रचना केल्या. दोन रेकॉर्ड, चार बाजू, एकेका बाजूवर अठरा ते बावीस मिनिटांची एकच रचना, सगळं मिळून ऐंशी मिनिटांच्या वर. डिसेंबर १९७३मध्ये अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. समीक्षकांनी मात्र तो फुगवलेला आणि भरकटलेला ठरवला. तेव्हापासून येसचे चाहतेच दोन तटांत विभागले आहेत. एक तट म्हणतो, हा त्यांचा कळस. दुसरा म्हणतो, इथेच ते वाहवत गेले. मी दुसऱ्या तटात होते, आणि आवाज चढवून होते.

माझ्या रागाचं कारण घरचं होतं. मार्च १९७३मध्ये बँड दौऱ्यावर टोकियोत असताना गायक जॉन अँडरसन परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता, आपल्याकडे ‘योगी कथामृत’ म्हणून मिळतं ते. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार वर्ग सांगितले आहेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. अँडरसनला त्यात चार बाजूंचा आराखडा दिसला. मग गिटारवादक स्टीव्ह हाऊ आणि तो दौऱ्यातल्या हॉटेलांच्या खोल्यांत बसून रचना बांधू लागले. माझे वडील, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवत. श्रुती आणि स्मृती यांतला फरक सांगायला बसले की त्यांची संध्याकाळ सरायची. एका तळटीपेवर कुणी चार शास्त्रं उभी करतो म्हटल्यावर मला तो अण्णांचा अपमान वाटला. मी वीस वर्षांची होते आणि हा अपमान मला फार मोठा वाटला.

दादाने तो अल्बम नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला होता. कॅसेटच्या एका बाजूला रेकॉर्डच्या दोन बाजू सलग बसत. पहिली कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे नीट कळायचं नाही, चाळीस मिनिटांचा एकच पट्टा वाटायचा. दुसरीच्या मध्यावर माझं लक्ष उडालं. कॅसेट उलटल्यावर तालवाद्यांचा खणखणाट आणि स्टील गिटारची किंचाळी सुरू झाली, तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले. चौथी बाजू मी त्या दिवशी ऐकली नाही, पुढेही कधी ऐकली नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

न ऐकलेल्या संगीताची जागा मी गोष्टींनी भरली. विलेस्डेनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना तिथे गावाकडचं वातावरण यावं म्हणून गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याच्या गायी आणून ठेवल्या होत्या, ही एक. दुसरी कीबोर्डवादक रिक वेकमनची. मँचेस्टरच्या मैफलीत वाजवायला फारसं काही नाही म्हणून त्याने रंगमंचावरच करी मागवून खाल्ली. ही गोष्ट त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. मी ती इतक्या बैठकांत सांगितली आहे की ऐकणाऱ्यांना अल्बम ऐकायची गरजच उरली नाही. नव्या ऐकणाऱ्यांची वाट मी अशी अडवली, याचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

वेकमनचा खरा आक्षेप करीच्या गोष्टीपेक्षा वजनदार होता. त्याचं म्हणणं असं, की जवळची सामग्री एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डना कमी होती, म्हणून भर घालावी लागली. हे वाक्यही मी स्वतःच्या कानांनी पारखल्यासारखं वापरत आले. १९७४मध्ये तो बँड सोडून गेला, म्हणजे माझंच बरोबर, असा माझा हिशेब.

गेल्या श्रावणात आठ दिवस नाशिकला दादाकडे राहिले. त्याच्या मुलाने जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतला होता आणि हीच एलपी मिळवली होती. दादा म्हणाला, “रोज संध्याकाळी एक बाजू. जास्त नाही.” त्याची अट मी मान्य केली, खरं तर जुना वाद टाळायला.

पहिल्या संध्याकाळी अँडरसनचा आवाज एका सुरावर शब्दांमागून शब्द टाकत येतो, मागून बाकीचे आवाज भरत जातात आणि मग वाद्यं उघडतात. वीस मिनिटांत तीच धून वेगवेगळ्या कपड्यांत चार-पाचदा भेटते. शेवटाकडे वेकमन मूग सिंथेसायझरवर जे वाजवतो ते ऐकून मी दादाकडे पाहिलं. ज्याचा या अल्बमवर विश्वास नव्हता त्यानेच त्यातली एक उत्तम जागा भरली आहे. मग सुई उचलली गेली, खोलीत शांतता झाली, आणि ही रचना इथे संपते हे मला पहिल्यांदाच कळलं. कॅसेटने ती शांतता माझ्याकडून हिरावून घेतली होती.

दुसरी बाजू मला अजूनही लांबलेली वाटते. लाटेमागून तीच लाट येते. इथे वेकमन बरोबर आहे, आणि हे मी दादाला तोंडावर सांगितलं.

तिसऱ्या बाजूने मला हरवलं. तोच खणखणाट, तीच स्टील गिटार, चांगली बारा मिनिटं. यावेळी उठले नाही. मग सगळं थांबतं आणि हाऊ एकटाच साधी गिटार घेऊन बसतो. वाजवता वाजवता ती एका छोट्या, शांत गाण्यात उतरते. आधीचा सगळा गोंगाट सोसल्यावरच त्या गाण्याचा गारवा अंगाला लागतो. नुसतं तेवढंच कापून ऐकवलं तर ते एक गोड गाणं राहील. मी वीस वर्षांची असताना त्या गाण्याच्या काही मिनिटं आधी उठून गेले होते.

चौथीत ख्रिस स्क्वायरची बास गिटार पुढे येते. नंतर ढोल-ताशांच्या पथकासारखा तालवाद्यांचा कल्लोळ होतो, त्यात ड्रमवाला अ‍ॅलन व्हाइट एकटा नसतो, बाकीचेही हात चालवतात. तो विरला की पियानो आणि अँडरसनचा आवाज एवढंच उरतं. ते ऐकताना मला रडू आलं. चाळीस वर्षं ज्याची टिंगल केली त्याच्यासमोर बसून रडले.

दादाचा जुना युक्तिवाद होता, “तासभर बडा ख्याल ऐकतेस ना, मग वीस मिनिटांना काय झालं?” तो मला आजही पटत नाही. ख्याल गाणारा समोरच्यांची नजर बघून वाढवतो, आवरतो. येसने नोव्हेंबर १९७३मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात हा सगळा अल्बम सादर केला तेव्हा तो बाजारात आलाही नव्हता. समोरच्यांना त्यातली एक ओळही ओळखीची नव्हती, आणि रचना ठरलेल्या. तेव्हा कंटाळलेल्या माणसांना मी दोष देणार नाही. खुद्द बँडने २०१६मध्ये हा अल्बम पुन्हा रंगमंचावर नेला तेव्हा पहिली आणि चौथी बाजू घेतली, आणि तिसरीतलं ते शेवटचं गाणं.

राहिली शास्त्रं. श्रुती-स्मृतींशी या संगीताचं नातं पातळ आहे, हे माझं मत कायम आहे. पण अँडरसनने शास्त्रांवर भाष्य लिहिलं नव्हतं. एका तळटीपेने त्याला चार खण दिले आणि त्याने आपल्याकडचं होतं ते त्यांत ठेवलं. त्यात अण्णांचा अपमान कुठेच नव्हता. अण्णांनी तर त्या दुपारी पलीकडच्या खोलीतून, “आवाज थोडा कमी करा,” एवढंच म्हटलं होतं.

निघताना दादाला सांगितलं, “दुसरी बाजू सोडून तुझं बरोबर होतं.” तो म्हणाला, “दुसरी अजून दोनदा ऐक.” ऐकणार आहे.

माझ्या तोंडून करीची गोष्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांना विनंती, ती विसरा. चार संध्याकाळी काढा आणि रोज एकच बाजू लावा. ती संपली की दुसरं काही लावू नका. आणि माझ्यासारखं तिसरीतून उठून जाऊ नका.