नवे बिऱ्हाड

एखादे काम शंभर वेळा केले म्हणजे ते आपल्याला येते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. अलीकडे त्या समजुतीत मी थोडी दुरुस्ती केली आहे. शंभर वेळा केलेले काम आपल्या हातांना येते. आपल्याला ते येतेच असे नाही. हा भेद मला कोणा तत्त्वज्ञाने शिकवला नाही. इस्पितळातील खाटेवर पडलो असता टेलिफोनवर आलेल्या एका साध्या प्रश्नाने तो शिकवला.

माझा व्यवसाय संगणक राखण्याचा. एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांना लागणारी यंत्रे सज्ज ठेवणे, बिघडली तर ती नीट करणे, आणि सर्व सुरळीत चालले असता कोणाच्याही लक्षात न येणे, एवढे माझे काम. ही यंत्रे म्हणजे टेबलावर दिसतात ती नव्हेत. एका थंडगार खोलीत चार मोठे संगणक परस्परांना जोडून ठेवले आहेत, आणि त्यांच्या पोटात साठेक लहान संगणक नांदत असतात. या लहानांना स्वतःचे शरीर नाही. मोठ्याच्या स्मृतीचा आणि तबकडीचा एकेक तुकडा त्यांना तोडून दिलेला असतो. तथापि प्रत्येकजण आपण स्वतंत्र आहोत अशाच थाटात वागतो. आमच्या धंद्याच्या भाषेत मोठ्याला यजमान आणि लहानाला पाहुणा म्हणतात. पण पुण्यातला जुना वाडा ज्याने पाहिला आहे, त्याला खरे नाते चटकन उमगेल. मोठा संगणक हा वाडा, आणि लहान ही त्यातली बिऱ्हाडे. भिंत एकाची, विहीर एकाची, पण चूल प्रत्येकाची निराळी. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची सोय दाखल झाली, आणि असा वाडा बांधणे आमच्यासारख्या बेताच्या ऐपतीच्या संस्थेलाही शक्य झाले.

नवे बिऱ्हाड मांडायचे म्हणजे रिकाम्या तबकडीवर लिनक्स बसवायचे. आम्ही डेबियन वापरतो. तो बसवू लागले की तो एखाद्या चौकस घरमालकाप्रमाणे प्रश्न विचारू लागतो. भाषा कोणती? देश कोणता? यंत्राचे नाव काय ठेवायचे? घड्याळ कोठले लावायचे? तबकडीचे भाग कसे पाडायचे? कोणकोणते सामान आत न्यायचे? मी उत्तरे देत असे. घड्याळाच्या प्रश्नाला पुण्यात बसून ‘कोलकाता’ असे उत्तर द्यावे लागते, कारण भारतीय वेळेला त्या यादीत तेच नाव आहे. त्याची गंमत वाटेनाशी होऊनही कित्येक वर्षे लोटली होती. एका बिऱ्हाडाला अर्धा तास लागे. साठ बिऱ्हाडे मी अशी एकेक करून मांडली होती, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला अभिमान होता. “हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचे नाही,” असे कोणी म्हटले की मी विनयाने हसत असे. पण ते वाक्य घरी आल्यावर सौभाग्यवतीला सांगितल्यावाचून राहत नसे.

पुढे माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. मी इस्पितळात असतानाच चार वाड्यांपैकी एकाच्या तबकड्यांनी मान टाकली आणि अकरा बिऱ्हाडे एका रात्रीत नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचे काम अन्यत्र जपून ठेवलेले होते, ते वाचले. पण ते मांडायला घरेच उरली नव्हती, आणि परीक्षा दहा दिवसांवर आली होती. तिसऱ्या दिवशी माझ्या सहायकाचा टेलिफोन आला. मुलगा पंचविशीतला, अत्यंत भिडस्त. “सर, पडल्या पडल्या त्रास देतो, पण त्या यंत्रांच्या तबकड्यांचे भाग कसे पाडले होते? आणि सामान काय काय घातले होते?”

मी तोंड उघडले, आणि मला काहीही आठवेना. “तिथे बसलो की आठवेल,” मी म्हणालो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बरं सर. तुम्ही विश्रांती घ्या.” त्याच्या त्या ‘बरं’मध्ये तक्रारीचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. परीक्षेपूर्वीचे आठ दिवस मुलांची प्रात्यक्षिके बंद राहिली. माझ्याशिवाय कोणाला जमायचे नाही, हे वाक्य अक्षरशः खरे ठरले होते, आणि त्यात भूषणावह असे काहीच नव्हते.

कामावर रुजू झालो तेव्हा सहायकाने एक युक्ती काढून ठेवली होती. शाबूत असलेले एक बिऱ्हाड घेऊन त्याने त्याच्या हुबेहूब नकला काढल्या होत्या. युक्ती झटपट होती, पण दोन दिवसांत विचित्र तक्रारी येऊ लागल्या. एक यंत्र जोडले की दुसरे तुटे. शोध घेता कळले की प्रत्येक लिनक्सपाशी जन्मतः मिळालेला एक ओळखक्रमांक असतो आणि आपली ओळख पटवण्याच्या गुप्त किल्ल्याही असतात. नकलेबरोबर त्यांचीही नक्कल झाली होती. त्या क्रमांकाच्या आधारे ती यंत्रे जाळ्यावर पत्ता मागत, आणि पत्ते वाटणारा बिचारा एकाच इसमाला एकच पत्ता पुनःपुन्हा देत राही. नक्कल करायची तर आधी या खुणा पुसून टाकाव्या लागतात, एवढा धडा आम्ही घेतला. परंतु मला त्याहून मोठी अडचण दिसली. मूळ घर असे का मांडले होते, हे नकलेवरूनही कळत नव्हते. माझे अज्ञान आता अनेक प्रतींत उपलब्ध झाले होते, इतकेच.

मग आम्ही दुसरा मार्ग धरला. हा मार्ग काही आमचा शोध नव्हे. कोलोन विद्यापीठात टोमास लांगे यांनी १९९९ सालीच आपोआप बसणाऱ्या लिनक्सची एक व्यवस्था आरंभली होती. रेड हॅटच्या कुळातील लिनक्स तर हाताने बसवले तरी, तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद करून ती आपणहून मागे ठेवून जाते. डेबियनमध्ये या सोयीला प्रीसीड म्हणतात. सर्व प्रश्नांची उत्तरे एका साध्या फायलीत आधीच लिहून ठेवायची. एका ओळीत एक प्रश्न आणि त्याचे उत्तर. यंत्र जागे झाले की ते जाळ्यावरून बसवणारी आज्ञावली आणि ही फाईल मागून घेते, आणि कोणालाही काही न विचारता आपले बिऱ्हाड मांडून मोकळे होते.

ही फाईल मला एका दुपारी लिहून होईल असे वाटले होते. तिला तीन आठवडे लागले. कारण प्रत्येक ओळीपाशी तो मुलगा विचारी, “सर, असे का?” तबकडीवर अदलाबदलीसाठी राखलेली जागा स्मृतीच्या दुप्पट का? मी म्हणालो, तसा नियम आहे. नियम होता खरा. पण स्मृती महाग होती त्या काळचा. आज तो पाळून मी साठ घरांत एकेक खोली विनाकारण कुलूप लावून ठेवली होती. चित्रमय पडदा कशाला, जो पडदा कोणी कधी पाहणारच नाही? याचे उत्तर असे निघाले की यादीत त्यापुढे आधीच खूण केलेली असे, आणि मी ती कधी पुसली नव्हती. अशी ज्यांना कारणच नव्हते ती उत्तरे मोजली, तर ती निम्म्याहून अधिक भरली.

मग आम्ही मोजकेच सामान ठेवण्याचे ठरवले. जे घरात नाही ते बिघडत नाही, आणि त्याला डागडुजीही लागत नाही. परंतु काटकसरीच्या भरात मी दुरून आत शिरण्याची सोयही वगळली. घर सुरेख झाले, फक्त त्याला दार नव्हते. दुसरी चूक याहून भयंकर होती. यंत्राने जागे होताच प्रथम जाळ्याकडे पाहावे, असा क्रम आम्ही लावला होता. परिणामी बिऱ्हाड मांडून झाले, यंत्र पुन्हा जागे झाले, त्याने पुन्हा जाळ्याकडे पाहिले, आणि पुन्हा सर्व पुसून पहिल्यापासून मांडामांड आरंभली. रात्रभर ते आपले घर मांडीत आणि मोडीत बसले होते. हाताने काम करणारा माणूस तिसऱ्या खेपेला तरी थांबून डोके खाजवतो. कागदाला तेवढी बुद्धी नसते. म्हणून क्रम उलटा केला. आधी स्वतःच्या तबकडीत पाहा, तेथे काही नसेल तरच बाहेर माग. माणसालाही हा क्रम वाईट नाही.

पहिल्यांदा अकराही बिऱ्हाडे आपोआप मांडली गेली, त्या दिवशी मी पडद्यासमोर हात जोडून नुसता बसलो होतो. सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपले. सहायकाला आनंद झाला होता. मला तितकासा झाला नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्या कामासाठी लोक माझी वाट पाहत, ते काम आता माझी वाट पाहत नव्हते. घरी आल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “काय झाले हो?” मी म्हणालो, “काही नाही, आज काहीच करावे लागले नाही.” ती म्हणाली, “मग चेहरा असा का?” तिला कोणत्याच ओळीत उत्तर लिहून देता आले नाही.

पण पुढल्या दिवाळीत आम्ही आठ दिवस कोकणात गेलो, आणि माझा टेलिफोन एकदाही वाजला नाही. परत आल्यावर कळले की मधल्या काळात पाच बिऱ्हाडे पुन्हा मांडावी लागली होती, आणि ती त्या मुलाने नव्हे, नुकत्याच आलेल्या एका मुलीने मांडली होती.

त्या फाईलमध्ये प्रत्येक उत्तराच्या वर आम्ही त्याचे कारण लिहीत असू. एका ओळीवर मात्र मीच प्रामाणिकपणे लिहिले होते : ‘कारण आठवत नाही, पण काढू नये, यंत्र अडते.’ परवा सहज फाईल उघडली. ते वाक्य खोडून तेथे नीटनेटक्या दोन ओळींत खरे कारण लिहिलेले होते. कोणी लिहिले ते मी विचारले नाही. कारण बरोबर होते. मी मात्र ते त्या दिवशी प्रथमच वाचले.