मेहकर ते कॅरिबियन, व्हाया बॅलार्ड पिअर

‘कॅरिबियन म्हंजे कुठी आलं ते?’

‘वेस्ट इंडीज, बाबा. ब्रायन लाराचा मुलूख.’

‘असं म्हन ना मंग!’

तर मंडळी, आमच्या फॅमिली क्रूझची सुरुवात ही अशी झाली. रविवारची सकाळ, न्यू जर्सीहून दादा, पुण्याहून मी आणि मेहकरहून आई-बाबा असा व्हिडिओ कॉल चालला होता. दादाच्या डोक्यात आयडिया आली होती, सगळ्यांनी मिळून कॅरिबियन क्रूझ करायची. मायामीहून बोट, सात दिवस, बहामा, मेक्सिको, पोरं स्विमिंग पुलात आणि मोठी माणसं डेकवर. ऐकायला काय झकास!

माझ्या डोळ्यांपुढे लगेच एक्सेल शीट उघडली. (आयटीवाल्यांचा आजार, काय करणार!) दादाचा मुलगा जन्माने अमेरिकन. ज्या बंदरातून निघायचं त्याच बंदरात परत यायचं, अशा क्रूझवर त्या पिल्लाला नुसता जन्मदाखला चालतो. आजी-आजोबांना मात्र पासपोर्ट, मुंबईच्या कॉन्सुलेटमधला इंटरव्ह्यू आणि व्हिसा हे सगळं हवं. व्हिसाही मल्टिपल एन्ट्रीचा, कारण बोट अमेरिकेबाहेर गेली की परतताना तुम्ही नव्याने अमेरिकेत शिरता. हे भलेभले विसरतात. बेटागणिक नियम वेगळे. मेक्सिकोला अमेरिकेचा व्हिसा चालतो म्हणून पुढच्या बेटालाही चालेल, असं धरून चालायचं नाही. आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडे हरिकेनचा हंगाम. त्या दिवसांतल्या ऑफर्स एवढ्या स्वस्त का दिसतात, ते आलं ना लक्षात?

माझं प्रेझेंटेशन संपलं. आई शांतपणे म्हणाली, ‘सात दिवस? आन् घर कोन पाहीन?’

दादा हसला. मला हसू आलं नाही.

आमची आजी नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या नऊ वर्षांत आईने मेहकरबाहेर एक रात्र काढली नाही. माझ्या लेकीच्या, चिऊच्या बारशाला पुण्याला आली, तीसुद्धा रात्रीच्या गाडीने परत गेली. बाहेर पडली तर फार तर बालाजीच्या मंदिरात, तेही फोन हातात धरून. फोनचा आवाज कायम फुल्ल. रात्री दोनला, चारला, आजीने नुसती कूस बदलली तरी ही उठून बसणार. २०२४ मध्ये आजी गेली. त्यानंतर आईला कुठेही जायला मोकळीक होती, पण ती निघेचना. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी सोयाबीन काढायचं, कधी कुणाचं लग्न, कधी पाण्याची पाळी. फोनचा आवाज अजून फुल्लच होता.

कॅरिबियनचं गाडं व्हिसापाशीच अडलं. इंटरव्ह्यूची तारीख बघता बघता मी सहज मुंबईच्या क्रूझ शोधायला लागले आणि चाटच पडले. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ ही बोट मुळात कॅरिबियनचीच! १९९० साली फ्रान्समध्ये बांधली, तेव्हा नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मायामीहून बहामाच्या तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींसाठीच ती बनवलेली. पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने २०१७ ते २०१९ ती क्यूबाच्या हवानालाही जात होती. कोविडमध्ये विकली गेली आणि सप्टेंबर २०२१ पासून आपल्याकडे आली. म्हणजे आपण कॅरिबियनला गेलो नाही तर काय, कॅरिबियनच बॅलार्ड पिअरला येऊन उभं!

बाबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत, मेहकर आगारातून. त्यांना बोट म्हटल्यावर पहिला प्रश्न, ‘सीटा किती?’ सुमारे १८००, मी म्हटलं. लांबी २११ मीटर, रुंदी जवळपास ३१. त्यांनी कागदावर गुणाकार केला. ‘म्हंजे ६५ गुंठे. दीड एकराच्या वर चाललं हे प्रकरण.’ ६५ गुंठ्यांनी त्यांचं मन जिंकलं. आई राजी झाली ती वेगळ्याच कारणाने, तीनच रात्री म्हणून.

आता कामाचं बोलू. तारीख ठरवताना ऑफिसच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर सगळ्यात शेवटी उघडा. आम्ही सोयाबीन विकून हरभरा पेरून झाल्यावरची, २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख धरली. नाताळ आला की दर चढतात आणि गर्दीही होते. पावसाळ्यात आपल्या बाजूच्या समुद्राच्या वाटेला जाऊच नका. जाहिरातीतला आकडा वाचून उडी मारू नका. पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स बरेचदा मागाहून चढतो. ‘सगळं धरून माणशी किती?’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर असेल अगदी तसंच हवं. आईचं नाव आधारवर एक आणि बँकेत एक, तेव्हा ते निस्तरण्यात माझा एक वीकेण्ड गेला.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारलं, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतली आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना जुना आजार लपवला नाही. लपवला की प्रीमियम वाचतो आणि क्लेम बुडतो. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं. सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवायची, कारण मोठ्या बॅगा चेक-इनला ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला वेळ लागतो.

खोलीच्या बाबतीत मात्र मी माती खाल्ली. निम्मं बरोबर होतं. बोट मधोमध आणि खालच्या मजल्यांवर कमी हलते, टोकाला आणि वर जास्त, कारण तीही झोक्यासारखी एका मध्याभोवती डुलते. गाडी लागणाऱ्यांनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी. तेव्हा खोल्या मधल्या घेतल्या, खालच्या घेतल्या. पण पैसे वाचवायला दोन्ही खोल्या आतल्या घेतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या. ‘झोपायलाच तर जायचंय!’ असं म्हटलं. पहाटे पाचला उठून अंगणात सूर्याची वाट पाहणाऱ्या बाईला मी बिनखिडकीची खोली घेतली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

बोट कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबई गाठायची. आम्ही पुण्याहून ट्रेनने आलो. आई-बाबा चुलतभावाच्या गाडीतून समृद्धीवरून आले. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला आणि आता मेहकरहून चढायचं ते थेट आमण्याला उतरायचं. मुक्काम ठाण्याला मावशीकडे. तिथे आईची पिशवी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, डबाभर शेव. ‘आई, घरचा स्वयंपाक बोटीवर नेऊ देत नाहीत गं!’

‘आन् तिथं काही नाई भेटलं तं?’

बोटीवर दिवसभर खायला मिळतं, जैन जेवणसुद्धा असतं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. दशम्या तिने बॅलार्ड पिअरला बाहेर बाकावर बसून संपवल्या. म्हणजे आम्हाला, भावाला आणि शेजारच्या राजकोटच्या एका अख्ख्या कुटुंबाला वाटून संपवल्या. चटण्या भावाच्या गाडीत राहिल्या. घरून इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्डही आणू नका. आगीच्या धोक्यामुळे ते काढून घेतात.

आत पैशाचा फंडा वेगळाच. रोख चालत नाही, खोलीचं कार्ड दाखवायचं आणि हिशेब शेवटी. आईने रुमालात बांधून आणलेल्या पाचशेच्या नोटा तीन दिवस तशाच गाठीत राहिल्या. निघण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत असते, ती चुकवू नका. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली आणि १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही देणगी. आमच्या आजूबाजूची तरुण मंडळी सेल्फी काढत होती, आणि बाबा जमायची जागा, जिना, दार सगळं मोजून ठेवत होते. भोंगा वाजला तसे म्हणाले, ‘झाली डबल बेल!’

मुंबई मागे पडली. आईने समुद्र याआधी एकदाच पाहिलेला, मावशीच्या लग्नात, दादर चौपाटीवर, दहा मिनिटं. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘आपलं लोनारबी खारंच हाये. पन त्याले काठ तं दिसते.’

तासा-दीड तासाने तिने फोन पुढे केला. ‘पाय बरं, याले काय झालं?’

काही झालं नव्हतं. रेंज गेली होती. आधी सांगून ठेवायला हवी होती अशी ही गोष्ट, आणि तुम्हीही सांगून ठेवा. किनारा दूर गेला की आपलं नेटवर्क जातं. बोटीचं म्हणून जे नेटवर्क पकडतं त्याचं रोमिंग बिल बघून चक्कर येते, म्हणून निघतानाच फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. वायफाय लागलंच तर पॅकेज घ्यायचं. घरी एक माणूस नेमून त्याच्याकडे बोटीचा इमर्जन्सी नंबर ठेवायचा. हे सगळं मी आईला समजावत होते. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.

‘म्हंजे आता कोनाचाच फोन लागनार नाई?’

‘गोवा येईपर्यंत नाही.’

‘कोनाचाच?’

‘कुणाचाच नाही, आई.’

तिने फोन उलटसुलट करून पाहिला. मग माझ्या हातात दिला. ‘बंदच करून टाक मंग.’

रात्री शो झाला, चिऊ नाचून नाचून खुर्चीतच झोपली. नवऱ्याला थोडं गरगरलं. (गोळी गरगरायला लागल्यावर नव्हे, अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, तीही डॉक्टरांना विचारून. आणि उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघायचं. मोबाईलकडे बघाल तर मेलात.) आई-बाबा साडेनऊलाच खोलीत गेले होते.

सकाळी आठ वाजता आमच्या दारावर धडाधड थापा. उघडलं तर बाबा. बनियनवर, अनवाणी. डेकवर फेऱ्या मारून परत आले होते.

‘तुही माय उठून नाई रायली व.’

मला त्यांचा चेहरा आठवला की अजून पोटात गोळा येतो. आई आणि आठ वाजेपर्यंत झोप? मी नऊ वर्षांत तिला सहानंतर अंथरुणात पाहिली नव्हती. चार दारं सोडून त्यांची खोली. मी धावले. आत मिट्ट काळोख, खिडकीच नाही तर उजेड येणार कुठून! दिवा लावायचं बटण सापडेना. अंधारातच हात लावला. हात गरम होता. कानाजवळ गेले तर बारीक घोरणं.

‘आई.’ उत्तर नाही. ‘आई!’

तिने एक डोळा उघडला. ‘उजाडलं का व?’

‘आठ वाजलेत.’

‘काही काम हाये?’

‘नाही.’

‘मंग बोंबलून कायले रायली?’ आणि कूस बदलून पुन्हा झोपली, ती साडेदहापर्यंत.

बाबा बाहेर पॅसेजमध्ये गालिच्यावरच बसले होते. मी नुसती मान हलवली. त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला आणि ब्रेकफास्ट किती वाजेपर्यंत असतो ते विचारलं.

गोव्याचं तुम्हाला मी काय सांगणार! एकच सांगते, मोठी बोट लागते मुरगाव बंदराला. तिथून फिरण्याच्या जागा जवळ नाहीत, आणि परतायची वेळ म्हणजे वेळ. चार ठिकाणं करण्याच्या फंदात पडू नका. आम्ही फक्त मंगेशी केलं. उरलेला वेळ बोटीवर काढला, तेव्हा बोट निम्मी रिकामी असते आणि पूल पोरांना आंदण. गोव्यात रेंज आली तसा मी आईचा फोन सुरू करून दिला. तीन मिस्ड कॉल होते, तिन्ही मावशीचे, चटणीची रेसिपी विचारायला. आईने तिला फोन केला, तीळ किती घालायचे ते सांगितलं आणि फोन पुन्हा माझ्याकडे दिला.

मेहकरला पोचल्यावर दुसऱ्या रविवारी पुन्हा व्हिडिओ कॉल. दादाने विचारलं, मग कॅरिबियनचं काय? व्हिसाचे फॉर्म भरू का? या वेळी बाल्कनीची खोली घेऊ म्हणाला, समुद्र बघत पडून राहता येतं, थोडे पैसे जास्त, पण आई-बाबांसाठी काय बघायचं!

बाबा बजेट विचारत होते. आई मध्येच फोनच्या अगदी जवळ आली, स्क्रीनवर नुसतं कपाळ आणि कुंकू.

‘ते बालकनी-फिलकनी राहू दे. तिथं बिनखिडकीची भेटते का, ते इचार.’